मातीनंतरचे आवाज

"मेलेल्या माणसाच्या फोनचा बॅकअप वाढतो का हो, मॅडम?"

विचारणाऱ्या मुलीनं ओढणी सारखी केली आणि उत्तराची वाट न बघता आपला मोबाइल टेबलावर ठेवला. धाराशिवच्या बसस्टँडमागच्या त्या ऑफिसात लग्नाआधीच्या चौकशा यायच्या, विम्याचे खोटे दावे यायचे, क्वचित एखादा पळालेला नवराही शोधायला यायचा. असला प्रश्न पहिल्यांदाच आला होता. शिवकन्यानं पेन खाली ठेवलं. कोपऱ्यात पेपर वाचत बसलेल्या उत्तरेश्वर मामांनी मात्र पेपर आणखी वर धरला, कारण पुढचं त्यांना ऐकायचंच नव्हतं.

मामा जन्मभर पोलिसात हवालदार होते. दरोडेखोरांच्या मागं उसाच्या फडात शिरलेला माणूस. पण भुताचं नाव निघालं की त्यांची पाचावर धारण बसायची, आणि हे फक्त भाचीला, शिवकन्याला ठाऊक होतं.

"मी उझमा. कळंबची," मुलगी म्हणाली. "आयुब पिंजारी माझे अब्बा. गाद्यांचं दुकान होतं. एप्रिलमध्ये झोपेतच गेले. त्याच दुपारी नमाजनंतर माती झाली. आता परवा मला मेसेज आला, अब्बांच्या खात्यातली जागा संपत आली म्हणून. खात्याला माझाच नंबर जोडलाय. अब्बांना फोटोचा नाद नव्हता, गाण्याचा नव्हता. मग भरलं कशानं, म्हणून उघडून बघितलं."

"कशानं भरलं?"

"आवाजानं. एकेका रात्रीचा एकेक. बघितले तेवढे सगळे मातीनंतरच्या तारखांचे. काल रात्रीचा बी हाय."

"आणि त्यांचा फोन?"

"माझ्या कपाटात. बंद. सिम काढून ठेवलंय."

तिनं एक आवाज लावला. आधी नुसती एकसुरी घरघर. तिच्याखाली कुणीतरी श्वास घेत होतं. संथ, जड, मध्येच अडकणारा. मग खस्स, खस्स असा आवाज, कुणी नखांनी काहीतरी खरवडत असल्यावानी. एकाएकी घरघर थांबली. त्या शांततेत श्वास जास्तच जवळ आला. थोड्या वेळानं घरघर पुन्हा सुरू झाली.

बाहेर भर दुपारचं ऊन होतं, तरी मामांनी खुर्ची दाराच्या उजेडात सरकवली.

"अम्मीनं हे ऐकलं," उझमाचा आवाज फुटला. "ती म्हणते, त्येंना जित्तं गाडलं. कबर उघडल्याबिगर घास घेणार न्हाय म्हणून बसलीय. तिला बीपी, शुगर. उद्या मुजीबचाचा तहसीलला अर्ज देणार. एकदा कबर उघडली तर अम्मी शाबूत ऱ्हाणार न्हाय, आणि न्हाय उघडली तर उपाशी मरंल. मॅडम, अब्बा गेले. आता अम्मी बी चाललीय."

शिवकन्यानं पेन पुन्हा उचललं. मग तिनं विचारलं, "सगळ्यात जुना आवाज कुठल्या तारखेचा?"

"खालपर्यंत गेलेच न्हाय. वरचे चार-सहा ऐकले आणि हिंमत संपली."

"खात्यावर फोन किती दिसतात?"

"एकच. म्हंजे, तोच दोनदा दिसतोय. नाव एकच हाय, चुकून आलं असंल."

"श्वास रोज येतो?"

"मध्ये दोन रात्री न्हाय. त्या रात्रींचे आवाज हायत, पण नुसतीच घरघर. तेव्हा अम्मीला दवाखान्यात ठेवलं होतं. अम्मी म्हणते, त्या दोन रात्री त्ये कबरीत नव्हतेच, माझ्यासंगं दवाखान्यात आले होते."

मामांच्या हातातला पेपर खाली पडला.

जीप येरमाळ्याच्या पुढं गेली तसा मामांनी वेग कमी केला. शेवटी म्हणाले, "शिवे, हे आपलं काम न्हाय. जाणत्या मौलवीचं हाय."

"मामा, बॅकअप कधी चढतो? फोन चार्जिंगला असला आणि वायफाय मिळालं की. कबरस्तानात कुणाचं वायफाय?"

"भुताला लागत नसंल," मामा म्हणाले आणि त्यांनी गिअर बदलला.

कळंबातलं घर पत्र्याचं होतं. पुढं ओसरी, आतल्या दाराला जाड पडदा. पडद्यामागं कूलर घरघरत होता. ओसरीवर पाणी देत उझमा म्हणाली, "मामा, तुम्हाला इथंच बसावं लागंल. अम्मी इद्दतीत हाय. नवरा गेल्यावर बाईनं ठरल्या मुदतीपर्यंत घरातच ऱ्हायचं, परक्या गड्यांसमोर यायचं न्हाय. अब्बांच्या खोलीतच असते ती. चाचा, अबुजरभाई, सगळे पडद्यापर्यंतच येतात."

"बसतो की," मामा म्हणाले. इतक्या आनंदानं त्यांनी आयुष्यात कुठला हुकूम मानला नसेल.

मुजीब म्हणजे आयुबभाईंचा धाकटा भाऊ. त्याच्या दाढीत कापसाचा तंतू अडकलेला होता, आणि डोळे रात्र-रात्र जागल्यागत लाल होते.

"अर्ज तुम्ही देणार?" शिवकन्यानं विचारलं.

"व्हय."

"तुम्हाला पटतंय, भाऊ जिवंत पुरला म्हणून?"

मुजीब ओसरीच्या कडेला बसला. "डॉक्टर बघून गेले होते. सगळं रीतसर झालं. पण कबरीत भाईला मीच उतरवलं, मॅडम. अंग कोमट होतं. तवा बोललो न्हाय. हे आवाज निघाल्यावर भाभींपुढं तोंडातून निसटलं, आणि त्येंनी जेवण सोडलं." त्यानं तळहाताकडं बघितलं. "ह्या हातानं माती लोटलीय मी."

मामांना त्याची दया आली. पण जुनी खोड जात नाही. भाऊ गेला, दुकान आता याच्या हातात. वहिनीला वेड लागलं तर विचारणारं कोण? मामांनी भाचीला डोळ्यांनी खुणावलं. तिनं बघितलं नाही.

मुजीबचा मुलगा अबुजर चौकातल्या आपल्या मोबाइलच्या दुकानातून बोलावल्याबरोबर आला. "बडे अब्बांचं खातं मीच काढून दिलं," तो आल्याआल्याच म्हणाला. "पासवर्ड बी मला म्हाईत हाय. लोकं काय बोलतात ते कानावर हाय माझ्या. पण आईशप्पथ, मी कायबी चढवलं न्हाय."

मामा सरसावून बसले. त्यांच्या मते चोर सापडला होता. शिवकन्यानं भलतंच विचारलं.

"आयुबभाईंनी कपाटातला तो फोन कधी घेतला?"

"मार्चमध्ये. जुन्याचा डिस्प्ले काळा पडला. फोन केला की वाजायचा, पण दिसायचं कायच न्हाय. नवा घेताना म्हणाले, तेच मॉडेल दे, हाताला सवय हाय. जुना इथंच सोडा म्हटलं, तर म्हणाले, 'ऱ्हाऊ दे, त्येचं एक काम चालू हाय.'"

"कसलं काम?"

"ते सांगितलं न्हाय. लाजल्यावानी हसले नुसते."

शिवकन्या उठली, उझमाला घेऊन पडद्याआड गेली. मामांना आता फक्त आवाज येत होते.

"खाला, आयुबभाई कुठं झोपायचे?"

"ह्या तख्तावर." उझमाच्या अम्मीचा, नसीमबींचा आवाज कोरड्या विहिरीत दगड टाकावा तसा खोल गेला होता. "मी खाली फरशीवर. घोरायचे लई. शेजारी भिंत ठोकायचे. सगळ्या कळंबाला गाद्या भरून दिल्या, पण सोता कधी नीट झोपले न्हाईत. धाराशिवच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, हे नुसतं घोरणं न्हाय, दम अडकतोय."

"आणि तुम्ही आता?"

"आता मी तख्तावर झोपते. त्येंच्याच चटईवर."

"ही खोली कुणी आवरली?"

"कुणाला हात लावू दिला न्हाय. तख्त हालवू दिलं न्हाय. दवाखान्यात गेले तवा बी कूलर बंद करू दिला न्हाय. तुमी मला एवढंच सांगा, कबर कवा उघडणार?"

तेवढ्यात लाईट गेली. पडद्यामागची घरघर थांबली.

मामा ताठ झाले. घरघर थांबली, आणि त्या शांततेत श्वास ऐकू आला. संथ, जड, मध्येच अडकणारा. तोच. ऑफिसात ऐकला होता अगदी तोच.

"शिवे!" मामांची बोबडी वळायचीच बाकी होती. "त्यो फोन बंद कर! कशाला लावलास?"

मग शिवकन्याचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू.

"मामा, मी काही लावलेलं नाही. उझमाचा मोबाइल तिच्या पर्समध्ये आहे, बाहेर तुमच्या शेजारी."

मामांनी शेजारी बघितलं. पर्स तिथंच होती. मुजीबनं डोळे मिटून कलमा पुटपुटायला सुरुवात केली. अबुजर भिंतीला टेकला.

"घाबरू नका," शिवकन्या म्हणाली. "मामांनी ओळखलं ते बरोबर आहे. उझमा, तख्ताच्या उशाकडं, मागं हात घाल. कूलरचं बोर्ड लागेल हाताला."

तख्त सरकल्याचा आवाज झाला. मग उझमाची दबकी किंकाळी.

"गरम हाय! मॅडम, हा तर फोन हाय!"

थोड्या वेळानं लाईट आली आणि कूलर पुन्हा घरघरू लागला. पडद्याआडून एक हात बाहेर आला. त्यात काळ्या डिस्प्लेचा फोन होता, चार्जरची वायर लोंबत असलेला. अबुजरनं तो ओळखला आणि कपाळावर हात मारला.

शिवकन्या पडद्याच्या कडेला उभी राहिली, आत आणि बाहेर दोन्हीकडं ऐकू जाईल अशी.

"खात्यावर एकाच नावाचे दोन फोन दिसत होते. उझमाला ती चूक वाटली. पण अबुजर म्हणाला, आयुबभाईंनी परत तेच मॉडेल घेतलं आणि जुना घरी नेला. म्हणजे फोन खरंच दोन होते. एक कपाटात बंद पडलेला. दुसरा चार्जरला लावलेला, घरच्या वायफायवर, काळा पडला तरी आतून चालू. उजेड पडत नव्हता, म्हणून अंधारातही दिसला नाही. ज्यांना फोनातलं कळतं ते पडद्याच्या बाहेर, आणि खोलीत जे होतं त्याला खालांनी हात लावू दिला नाही."

"पण भरतंय कोण?" मुजीबनं विचारलं.

"कुणी नाही. डॉक्टरांनी आयुबभाईंना घोरणं फोनात भरून, म्हणजे रेकॉर्ड करून आणायला सांगितलं असणार. घोरणाऱ्या माणसाला ते तसं सांगतातच. रात्री आपोआप सुरू होईल, पहाटे बंद होईल अशी सोय त्यांनी जुन्या फोनवर लावली. लाजत म्हणाले ते काम हेच. मग फोन काळा पडला. बंद करायचा झाला तरी दिसणार काय? तो आपलं काम करत राहिला. त्यांच्यानंतरही."

"मग त्यो श्वास?" मामांनी धीर करून विचारलं.

"ती घरघर ऐकलीत ना? कूलरची आहे. मध्येच थांबते, पुन्हा सुरू होते. कबरीत लाईट जात नाही, मामा. ती ह्या खोलीत जाते. आणि ज्या दोन रात्री श्वास नव्हता, त्या दोन रात्री ह्या खोलीत कोण नव्हतं?"

उत्तर सगळ्यांना कळलं होतं, आणि ते तोंडातून काढायची कुणाची छाती होत नव्हती.

पडद्यामागून नसीमबीच बोलल्या. "माझा?"

"तुमचा, खाला. तुम्ही स्वतःचाच श्वास ऐकत होता."

"आणि ती खसखस?"

"ती..." शिवकन्या म्हणाली आणि थांबली. मामांनी आपल्या भाचीला अशी अडखळताना क्वचितच ऐकलं होतं.

"शिंदीच्या चटईवर हात फिरवल्याची आहे. झोपेत. त्यांना चाचपताना."

आत बांगड्यांविना असलेला एक हात चटईवरून हळूच फिरला असावा. खस्स, असा आवाज मामांनी पडद्यातून ऐकला, आणि ह्या वेळी त्यांना भीती वाटली नाही. वाईट वाटलं, लईच वाईट.

"पण अंग कोमट होतं," मुजीब हट्टानं म्हणाला. त्याला स्वतःची सुटका पटत नव्हती.

"एप्रिलची दुपार, पत्र्याचं घर. कुठलंही अंग कोमट लागेल. उझमा, आता सगळ्यात खालपर्यंत जा. एप्रिलचे आवाज काढ."

उझमानं पर्स मागवली. बराच वेळ बोट फिरल्याचा आवाज येत राहिला. "मॅडम, हे तर मार्चपासूनचे हायत. अब्बा असतानाचे."

"सगळे वरून ऐकत होते, म्हणून फसले. अब्बा गेले त्या रात्रीचा लाव. कानाला लावून एकटी ऐक."

उझमानं ऐकलं. पुढं सरकवत, थांबत, पुन्हा मागं घेत. शेवटी ती रडतच म्हणाली, "दोन श्वास हायत. मग एकच ऱ्हातो. त्यानंतर लई वेळानं फजरची, पहाटेची अजान. मग अम्मी हाका मारतीय, उठा की म्हणून."

"म्हणजे अजानच्या कितीतरी आधी ते गेले होते," शिवकन्या म्हणाली. "मुजीबभाई, तुम्ही माती लोटलीत ती गेलेल्या माणसावर. तुमच्या हातून काही चुकलं नाही."

मुजीबनं तोंड ओंजळीत धरलं आणि तो लहान मुलासारखा रडला. अबुजरनं बापाच्या पाठीवर हात ठेवला.

"खाला, ती रात्र तुम्हाला ऐकायची आहे?"

"ती नगं," नसीमबी म्हणाल्या. "पैली लाव. मार्चची."

आयुबभाईंचा आवाज आला, खाकरत, संकोचत. "डाक्टरसाहेब, आयुब पिंजारी बोलतोय, कळंब. घोरणं भरा म्हणलात, भरतोय. घरात सांगितलं न्हाय. हसंल ती." मग तख्त करकरलं. पुढं उझमानं थोडं सरकवलं, आणि खोलीभर घोरणं घुमलं. दणदणीत, बेशरम, जिवंत. ओसरीवर मामांना अशा वेळी हसू यायला नको होतं, पण आलं.

घोरणं चढत चढत टिपेला गेलं. पडद्यामागून नसीमबी एकदम वैतागून म्हणाल्या, "अजी, करवट लेव जी!"

आणि पाठोपाठ फोनमधून, मार्चच्या त्या रात्रीतून, झोपेनं जड झालेला त्यांचाच आवाज आला, "अजी, करवट लेव जी!"

घोरणं थांबलं. कूस बदलल्याचा आवाज आला.

कितीतरी वेळानं नसीमबी म्हणाल्या, "मुजीब, त्यो अर्ज फाडून टाक. त्येंना झोपू दे आता."

"जी, भाभी."

"अम्मी, हा फोन बंद करू?" उझमानं विचारलं.

"कर. माझा श्वास कुणाला ऐकायचाय? त्येंचं घोरणं तेवढं माझ्या फोनात टाकून दे." मग थांबून त्या म्हणाल्या, "आन् भाकर हाय का गं घरात? ओसरीवरल्या पावण्यांना बी वाढ."

उझमा डोळे पुसत चुलीकडं गेली. मामांनी पाय आखडून जागा केली आणि ताटाची वाट बघत बसले.