बटण ओवलेली माळ

पटलं तर ठेवा, नाही तर सोडून द्या. पण हे घडलंय. नांदेडच्या देविकानं स्वतः सांगितलं, आणि आपलीच लाज निघेल असं खोटं कोणी रचत नाही.

गेल्या वर्षीची दोन नोव्हेंबर. मृतांच्या स्मरणाचा दिवस, संध्याकाळी सातचा सुमार. ठिकाण लातूर, तिच्या चुलत बहिणीचं, सेलिनचं घर.

आधी या दोघींच्या फिलोमिना आजीचं सांगायला हवं. म्हातारी पक्की कॅथलिक. चर्चमधली पहाटेची प्रार्थना, मिस्सा, चुकवली नाही, शुक्रवारी मटणाला शिवली नाही. चर्चमधल्या वेदीची कापडं चाळीस वर्षं स्वतः धुतली, इस्त्री केली. हातात कायम रोझरीची, म्हणजे मरियेच्या जपाची माळ. एक मणी हरवला तेव्हा तिनं आजोबांच्या शर्टाचं पांढरं बटण त्यात ओवलं होतं.

शेवटची सहा वर्षं आजी अंथरुणाला खिळली. तिचं हागणं-मुतणं देविकानं काढलं. सेलिन वर्षातून दोनदा बिस्किटाचा पुडा घेऊन यायची.

आणि जाताना आजी म्हणाली काय?

"माळ सेलिनला दे गं."

देविकाच्या अंगाचा तिळपापड झाला.

आजीला पेटीत ठेवलं, तेव्हा तिनं ती माळ आजीच्याच बोटांत गुंडाळली. "आजीची तशीच इच्छा होती," असं सगळ्यांना सांगितलं. झाकण बसलं. वर माती पडली.

मला नाही, तर तिलाही नाही.

दोन महिन्यांनी सेलिनचा फोन आला.

"ताई, आजी येऊन राहिली माझ्याकडं. रोझरीला बसलं की मणी वाजतेत."

भीती वाटायला हवी होती. देविकाला वाटला हेवा. मरमर राबले मी, आणि आजी जाते तिकडं?

म्हणून दोन तारखेला सकाळी कबरीवर मेणबत्ती लावून तिनं लातूरची एसटी धरली. संध्याकाळी दोघी प्रार्थनेला बसल्या.

"नमो मरिया, कृपापूर्णे..."

दहा-दहा मण्यांच्या तिसऱ्या फेरीला सेलिन श्वास घ्यायला थांबली.

टक... टक...

कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीतून.

देविका उठली. खुर्चीवर हात फिरवला...

माळ होती.

तीच. पांढऱ्या बटणाची.

आणि गरम... नुकतीच कोणाच्या मुठीतून सुटल्यासारखी.

"ताई... ही तर तू आजीच्या हातात..." सेलिन मागं सरली.

देविकानं काय करावं? माळ उचलून आपल्या पर्समध्ये टाकली!

"माझ्याकडं राहू दे."

"राहू दे ताई. तूच केलंस तिचं सगळं."

सेलिनचं हे बोलणं तिला जास्तच झोंबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती नांदेडला घरी पोचली. आतून कडी घातली. पर्स मांडीवर घेऊन, चेनवर हात ठेवून बसून राहिली. डुलकीसुद्धा घेतली नाही.

चारला फोन वाजला.

"ताई... माळ इथं हाय. खुर्चीवर."

देविकानं चेन उघडली...

पर्स रिकामी.

फादरांनी दोन्ही घरांत पवित्र पाणी शिंपडलं. सेलिन आता घर बदलायचं म्हणतेय.

देविका मात्र भेटेल त्याला एकच विचारते.

"माझ्या मांडीवरून उठून गेली ना आजी. मी जागीच होते. एक हाक मारायला काय झालं होतं तिला?"