तोफेचा डावा कान

"घासायचा म्हणजे? तोफेचा कान?" ज्ञानदाच्या हातातली कलिंगडाची फोड तशीच राहिली.

"त्याबिगर गाड्यात बसत न्हाई ती," लालासाहेबमामा म्हणाले. "उद्या सकाळी ग्राइंडरवाला येतोय. जरासा घासला की झालं."

सांगलीची ज्ञानदा मे महिन्याच्या सुट्टीत उंब्रजजवळच्या मामाच्या गावी आली होती. चौथऱ्यावरची जुनी तोफ नव्या लाकडी गाड्यावर चढणार, म्हणून मामाची मुलं विश्वजित आणि स्वप्नाली तिला घेऊन सारखी तिकडेच असायची. तोफेच्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेले जाड लोखंडी दांडे म्हणजे तिचे कान. गाड्याच्या फळ्यांमधल्या खाचांत ते टेकतात आणि त्यांच्यावरच सगळी तोफ तोलली जाते. उजवा कान नीट बसत होता, डावा अडत होता. का, ते कुणालाच कळेना.

तिघं तशीच उठून चौथऱ्यावर गेली. ज्ञानदाने उजव्या कानाभोवती सुतळी गुंडाळून माप घेतलं. तीच सुतळी डाव्या कानाला पुरेना. डावा कान मुळातच जाड होता! सुताराने माप घेतलं तेव्हा तोफ डाव्या अंगाने भिंतीला खेटून पडलेली. उजव्या कानावरूनच त्याने दोन्ही खाचा पाडल्या होत्या.

मामांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, मग घासायलाच पाहिजे की. तोफ काय कराडला सुताराकडे न्यायची?

तोफ नाही, पण कान नेता येईल, असं ज्ञानदाला वाटलं. सुतळीने नुसता घेर कळत होता, त्या ओबडधोबड कानाचा आकार नाही. शाळेत तिने साच्यातून आपल्या हाताचा पंजा हुबेहूब काढला होता. घरात गणपतीसाठीची शाडू होती, प्लास्टरही होतं. हवा होता फक्त वेळ.

तो मिळवून दिला स्वप्नालीने. राहीबाई आजीला तिने हळूच सुचवलं, की चौथऱ्यावर ऊन लय चांगलं लागतं. सकाळी ग्राइंडरवाला आला तेव्हा तोफेभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. सगळीकडे कुरडया!

"आई, उचल की गं ह्या," मामा म्हणाले.

"वाळल्याबिगर एक हलायची न्हाई, लाल्या."

मामा गावचे उपसरपंच, पण आईपुढे त्यांचं काही चालत नसे. ग्राइंडरवाला आल्या पावली परत गेला.

कावळे हाकायला पोरं नेमली गेली. हाकता हाकता त्यांनी डाव्या कानाला खोबरेल तेल चोपडलं, शाडू दाबून साचा काढला आणि त्यात प्लास्टर ओतलं. पण तो कान सुतळीत सैल पडला. उन्हाने साचा आकसला होता.

"एवढं चालतंय की," विश्वजित म्हणाला.

"नाही चालणार. खाच लहान झाली, की मामा पुन्हा ग्राइंडर बोलावतील."

दुसरा साचा त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत जपला. या वेळी माप तंतोतंत जुळलं. शिवाय पांढऱ्या प्लास्टरवर काहीतरी उमटलं होतं. गंजात कुणालाच न दिसलेला एक इवलासा मासा, अगदी खवल्यांसकट. तोफ घडवणाऱ्याची खूण!

मामा कितीतरी वेळ त्या माशावरून अंगठा फिरवत राहिले. मग त्यांनी गाड्याची फळी उतरवली आणि तो कान मांडीवर घेऊन स्वतः कराड गाठलं.

खाच मोठी होऊन आली. क्रेनने तोफ उचलली आणि डावा कान अलगद आत बसला.

"पोरांनो, ह्यो मासा मी घासून टाकणार हुतो रं," जमलेल्या गावासमोर मामा म्हणाले. "तुमी हुता म्हणून वाचला." आजीने तिघांवरूनही हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली.

मामा मात्र वाकून उजव्या कानाकडे बघत होते.

"ज्ञानदे, ह्याच्यावर काय असंल गं?"

आणि उत्तराची वाट न बघता उपसरपंच बाह्या सारून शाडू मळायला बसले.