पेटीतला जिना

कानांच्या दवाखान्यात ऐकण्याची तपासणी करायचं काम ती सोळा वर्षं करत होती. डॉक्टर कानात उजेड पाडून बघत आणि पेशंटला तिच्याकडे पाठवत. तिच्या खोलीत एक पेटी होती. पेटी म्हणजे एक माणूस बसेल एवढी खोलीच. भिंतींना आतून जाड स्पंज, तिजोरीसारखं जड दार आणि समोर दुहेरी काच. पेशंट आत हेडफोन लावून बसे. तिचे हात दिसू नयेत म्हणून त्याची खुर्ची आडवी ठेवलेली असे. ती बाहेर यंत्रापाशी बसून बारीक बारीक सूर सोडी, ऐकू आला की तो हातातलं बटण दाबी आणि तिच्यापुढे हिरवा दिवा लागे. बाहेरचं म्हणून आत काही जात नसे. डॉक्टर म्हणत, या पेटीत बसलं की बायको हाका मारतेय हे खरंच ऐकू आलं नाही असं सांगता येईल.

सुरुवात एका म्हाताऱ्या शिंप्यापासून झाली. तिनं सूर सोडलेला नसताना दिवा लागला. असं होतंच. परीक्षेत पास व्हायचंच, अशा जिद्दीनं काही जण उगाच बटण दाबत राहतात. ऐकू आलं तरच दाबा आजोबा, असं तिनं माईकवरून बजावलं.

“ऐकू आलं म्हणूनच दाबलं की,” शिंपी म्हणाला. “कुणीतरी जिना चढतंय.”

दवाखान्याची इमारत बैठी होती. जिना औषधालाही नव्हता. तिनं कागदावर ‘कानात आवाज येतात’ असं लिहिलं आणि पुढच्याला आत घेतलं.

चार दिवसांनी एक बसड्रायव्हर आला. भक्कम, बोलघेवडा माणूस. तपासणी संपल्यावर ती आलेख काढत होती, तेवढ्यात दिवा सारख्या अंतरानं लागत गेला. अकरा वेळा. मग काहीच नाही. मग एकदा. बाहेर आल्यावर त्यानं ओशाळून विचारलं, वर मजला आहे का म्हणून. ती नाही म्हणाली.

“बूट घातलेला माणूस आहे,” तो म्हणाला. “वर पोचायच्या आधी थांबतो. का थांबतो कोण जाणे, पण मला घाम फुटला बघा.”

तिनं त्याला पाणी दिलं. तो गेल्यावर स्वतःही प्यायली.

कारण तो जिना तिच्या ओळखीचा होता. बारा पायऱ्यांचा. बाबा संध्याकाळी साडेपाचला घरी येत आणि अकराव्या पायरीवर थांबत. चार मोजेपर्यंत थांबले तर काही भीती नसे. दहाच्या पुढे गेले की त्या दिवशी कुणीतरी मार खाणार हे ठरलेलं, आणि बहुतेक वेळा तो दादा असे. घरात हे सगळ्यांत आधी तिला कळे. मग ती टेबल पुसून काढी, दादाचं दप्तर जागेवर ठेवी, पाय जवळ घेऊन ताठ बसे. आठ वर्षांची असताना तिला गल्लीच्या तोंडापासून ती चाल ऐकू येई. पुढे कामाच्या ठिकाणी लोक तिच्या कानांचं कौतुक करत. कॉरिडॉरमधल्या पावलांवरून डॉक्टरांचा मूड सांगते, म्हणत. ती हसून घेई. त्याच कानांवर तिचं पोट चाललं होतं.

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. लेक झाली तेव्हाच तिनं कानाला खडा लावला होता, की या पोरीला कुणाच्या पावलांचा कानोसा घ्यायची वेळ येऊ द्यायची नाही. नवरा नोकरीसाठी दुसऱ्या गावी असे, त्यामुळे घरात दोघीच. तिनं लेकीवर कधी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. राग आला की ती फक्त गप्प होई. कधी कधी दोन दिवस. गप्प राहिल्यानं कुणाला लागत नाही, अशी तिची समजूत होती.

तिनं यंत्राचा मेकॅनिक बोलावला. त्यानं तारा तपासल्या, स्वतः पेटीत बसून बघितलं, बाहेर आला आणि हत्यारं पिशवीत भरायला लागला. यंत्र ठणठणीत आहे, म्हणाला. आत काय ऐकू आलं, असं तिनं विचारलं, तर पुढच्या वेळी दुसऱ्या माणसाला पाठवतो एवढंच बोलला आणि सही घेऊन गेला.

एका दुपारी ती स्वतः आत बसली. आपलं काळीज, आपला श्वास. बाकी काही नाही. सगळ्या जगाला ऐकू यावं आणि नेमकं आपल्याला येऊ नये, याची तिला जास्त भीती वाटली.

त्या आठवड्यात एक बाई बहिणीसोबत अपंगत्वाच्या दाखल्यासाठी आली. जन्मापासून ठार बहिरी. पूर्ण तपासणीत एकदाही दिवा लागला नाही. यंत्र बंद केल्यावर लागला. अकरा वेळा, आणि थोड्या वेळानं एकदा. बाई बाहेर आली ती छातीवर हात ठेवून. तिनं बहिणीला खुणा केल्या.

“ती विचारतेय,” बहीण म्हणाली, “आवाज म्हणजे भीतीच असते का?”

आणि मग लेकीच्या शाळेतून चिठ्ठी आली. वर्गात तीन तीन हाका मारल्या तरी ही ओ देत नाही, कान तपासून घ्या. तिनं दुसऱ्या दवाखान्यात विचारलं, तर दोन महिन्यांनंतरची वेळ मिळत होती. डॉक्टर म्हणाले, घरची पेटी असताना कसली वाट बघतेस, शनिवारी घेऊन ये. नाही म्हणायला कारण सुचेना. जो माणूस तिच्या लेकीनं कधी पाहिलाही नव्हता, त्याची पावलं तिच्यापर्यंत पोचू नयेत एवढंच तिला हवं होतं.

शनिवारी सकाळी तिनं लेकीला आत बसवलं. कान उत्तम होते. यंत्र काढू शकेल तो सगळ्यांत बारीक सूरही पोरीनं टिपला. तिला हसू फुटलं. तिनं यंत्र बंद केलं, प्लगही काढून टाकला.

दिवा लागला.

ती मोजत गेली. मोजण्याची गरज नव्हती.

आत लेकीनं फ्रॉकच्या टोकानं खुर्चीचा हात पुसला. पाय जवळ घेतले. ताठ बसली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

माईक वेगळ्या तारेवर होता. तिनं तो ओढला.

“कोण आहे गं?”

“तू,” लेक म्हणाली.

“मी इथे बाहेर आहे, बाळा.”

“हो. पण चढतेयस. घरी येतेस ना, तशी.”

तिला पुढचं विचारायचं नव्हतं. तरी विचारलं.

“थांबते कुठे?”

“दाराबाहेर. रोजच थांबतेस की. मी मोजते. चारपर्यंत आत आलीस तर छान. दहाच्या पुढे गेलीस की मग मी काही मागत नाही, बोलत पण नाही.”

“आणि शाळेत बाई हाक मारतात तेव्हा?”

“तेव्हा पण मी ऐकतच असते ना,” लेक म्हणाली. “तू येतेयस का ते.”

ती थांबत असे, हे खरं होतं. दिवसभराचा शीण दाराबाहेर टाकून, चेहरा नीट करून, हसत आत जाता यावं म्हणून. लेकीसाठीच.

पोरीला जाऊन कवेत घ्यावं, असं तिच्या मनात आलं. माईक टेबलावर ठेवून ती उठली. चपला काढल्या. गालिच्यावर अनवाणी पाऊल टाकलं.

दिवा लागला.

ती थबकली. माईक मागे राहिला होता. पेटीचं दार अजून दोन पावलं पुढे होतं.

लेकीनं मान वळवली नाही. डोळे मिटलेले होते. काचेतून तिचे ओठ तेवढे हलताना दिसत होते.

चार मोजून झाले होते.

तिला पाऊल उचलवेना, मागेही घेववेना.

सात. आठ.

नऊ.