त्या दुपारी मी रागावले नाही

कतारमधल्या अल खोरच्या आमच्या वसाहतीत कुणाचं बोट कापलं, कुणाला चक्कर आली, कुणाच्या पोरानं नाकात वाटाणा घातला, की फोन मला. इथल्या मराठी मंडळानं प्रथमोपचाराचा कोर्स ठेवला होता, त्यात मी हौसेनं नाव दिलं, तेव्हापासून हे गळ्यात पडलंय. मी चौथी शिकलेली बाई. बोलावणारे सगळे इंजिनियर नाहीतर मॅनेजर. पण भाजलं की टूथपेस्ट फासतील, फिट आली की कांदा हुंगवतील, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओततील, आणि मग म्हणतील, सत्यभामाकाकूंना बोलवा. ९९९ ला फोन लावायला ह्यांना संकोच. ॲम्ब्युलन्स दारात उभी राहिली तर शेजारी काय म्हणतील. मग मी जाते, आधी झाडते, मग पट्टी बांधते. काकू आल्या की पोरं कानावर हात ठेवतात. ठेवू देत.

ती दुपार जुलैतली. पलीकडच्या इमारतीतल्या पूर्णिमानं होळीला नेलेलं माझं पुरणयंत्र अजून परत दिलं नव्हतं, ते आणायला मी निघाले. नवरा हरिदास रात्रपाळी करून घरी होता. त्याला साखरेचा आजार आहे. इन्सुलिन घे आणि लगेच जेव, असं दोनदा बजावून, ताट वाढून मी बाहेर पडले. औषधांची बॅग खिळ्यालाच होती, पुरणयंत्राला बॅग कशाला.

बाहेर धुळीनं आभाळ पिवळं पडलेलं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. नुसती एसींची घरघर आणि दमट धुळीचा वास. पूर्णिमाच्या जिन्यात शिरले तर तो वास एकदम बंद झाला आणि डेटॉलचा यायला लागला. ताजा, नाकात चढणारा. वाटलं, कुणी जिना पुसलाय.

पूर्णिमानं दार अर्धंच उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, काकू. परत कशाला आलात? झोपलाय तो."

परत म्हणजे काय, मी विचारलं. तिनं कुजबुजत सगळं सांगितलं. अभिजित, म्हणजे तिचा नवरा, बाथरूममध्ये घसरला, डोकं आपटलं. ती मला फोन लावणार तेवढ्यात बेल वाजली आणि दारात म्हणे मीच. मी त्याला बघितलं, कपाळावर ओली घडी ठेवली, म्हणाले, झोपू दे, काही झालेलं नाही, ॲम्ब्युलन्सवाल्यांना कशाला त्रास. आणि गेले.

"आणि आज रागावलातसुद्धा नाही," ती म्हणाली. डोळे भरून आले होते तिचे. "किती मायेनं बोललात..."

पोरगी घाबरून बरळतेय असंच मला वाटलं. तिला बाजूला करून आत गेले. पडदे ओढलेले. अभिजित उताणा पडलेला, घशातून घरघर, उशीवर ओकारी. कपाळावर फडक्याची अरुंद घडी होती, टोक आत खोचलेलं. अशी घडी मी घालते. कोर्समध्ये कुणी शिकवलेली नाही, माझ्या आईची सवय आहे ती.

डोळ्याची पापणी वर केली. एक बाहुली टाचणीएवढी, दुसरी पसरलेली.

मी त्याला जपून कुशीवर वळवला आणि पूर्णिमावर ओरडले, फोन लाव म्हणून. ती म्हणते, पण तुम्हीच तर... मग मी अशी ओरडले की वरच्या मजल्यावरची माणसं खाली आली. ॲम्ब्युलन्स आली, यल्ला यल्ला, चला चला करत त्याला उचलून नेला. मेंदूत रक्त साठलं होतं. ऑपरेशन झालं, वाचला. गाडीत चढताना पूर्णिमा माझ्याकडे बघत होती. उपकार मानणारी नजर नव्हती ती, भ्यायलेली होती.

"हाच ड्रेस होता," ती म्हणाली. "हीच बॅग. फक्त हात फार गार होते."

आज मी बॅग घेतलीच नाही, हे मला तेव्हा आठवलं.

घरी आले. आमच्या जिन्यातही डेटॉल. मग मी चालले नाही, धावले. ताट झाकलेलं, तसंच्या तसं. हरिदास कोचावर, घामानं भिजलेला, गार पडलेला. कपाळावर ओली घडी, टोक आत खोचलेलं.

हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या, शेवटी डोळे उघडले. गिळता येतंय बघून साखरपाणी चमच्यानं पाजलं. बऱ्याच वेळानं उठून बसला आणि माझ्यावरच चिडला. इन्सुलिन घेतलं होतं त्यानं, पण जेवला नव्हता.

"तूच म्हणालीस की, जेवण राहू दे, पड जरा. थोपटलंस मला."

मी, आणि थोपटलं. ह्या माणसानं इतकी वर्षं संसार केला माझ्याशी आणि त्याला शंकासुद्धा आली नाही. सगळं समजावून सांगितलं तर वर हसतो. म्हणाला, "ती बरी होती."

मी वसाहतीत घरोघर जाऊन सांगितलं. मी आले आणि रागावले नाही, तर ती मी नाही. दार लावून घ्या आणि ९९९ लावा. मंडळातले म्हणाले, वहिनी, उन्हाचा परिणाम, थोडी विश्रांती घ्या. घ्या आता.

तेव्हापासून गोड बोलायची मला चोरी झाली. अभिजित परवा टाके पडलेलं डोकं घेऊन पाया पडायला आला. त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा असं फार वाटलं. मी म्हटलं, गाढवा, ओल्या फरशीवर नीट चालता येत नाही का. पूर्णिमाचा जीव भांड्यात पडला.

काल दुपारी मी स्वयंपाकघरात पिठलं हाटत होते. हरिदास बाहेरच्या खोलीत, नुकतंच इन्सुलिन घेऊन बसलेला. बेल वाजली नव्हती. लसणाच्या फोडणीच्या वासावर हळूहळू दुसरा वास चढायला लागला... नाकात चढणारा.

मग हरिदासचा आवाज आला. खालच्या पट्टीत, खूश झालेला.

"आज कशी गं रागावली नाहीस?"

मी हातातलं उलथनं टाकलं आणि तोंडाला येईल ते बोलत सुटले, त्याला, त्याच्या अकलेला, त्याच्या सात पिढ्यांना. आयुष्यात इतक्या मोठ्यानं ओरडले नसेन. दोन खोल्यांचं घर, पण बाहेरच्या खोलीचं दार ओढलेलं होतं आणि मूठ गार होती, फिरत नव्हती.

आतून हरिदास कुणाला तरी हळूच विचारत होता,

"स्वयंपाकघरात कोण ओरडतंय गं?"