सातूचे शंभर दाणे

केजच्या स्टँडवरून निघालेल्या जीपमध्ये चौदा माणसं कोंबून बसली होती. पंधराव्याला जागा करून देताना भामाचा खांदा खिडकीच्या गजाला टेकला. पंधरावा चांगलाच उंच होता आणि मांडीवर एक जुनी चामडी पेटी जपून धरून बसला होता.

"जरा सांभाळून हां," तो म्हणाला. "आत काचंचं सामान हाय."

"मग एसटीनं यायचं की," भामा म्हणाली. "कुठं निघालात?"

"युसूफ वडगावला. महिला सोसायटीत."

भामानं कान टवकारले. ती त्याच सोसायटीची सेक्रेटरी. "तितं तर आज जर्मनीचा सायेब येणार हाय, सातू तपासायला. गोरापान, लालबुंद..."

"गोरा न्हाई," तो हळूच म्हणाला. "सिरसाळ्याचा हाय. उत्तरेश्वर."

जीपभर हशा पिकला. वडगाव येईपर्यंत भामा खिडकीबाहेरच बघत राहिली. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं, नुसता करपलेला माळ.

पाऊस रुसला त्याला तीन वर्षं झाली होती. उभा ऊस जळाला, तेव्हा भामानंच चाळीस बायकांच्या मागे लागून कमी पाण्यावर येणारा सातू पेरायला लावला. आता गोदामात पोत्यांची थप्पी लागली होती. उत्तरेश्वर ज्या दोनशे वर्षं जुन्या जर्मन ब्रुअरीत शिकला, तिची पिल्सनर बिअर आता इकडेही होणार होती. बिअर सातूपासूनच होते, पण त्यासाठी आधी त्याला मोड यावे लागतात आणि तिथला नियम कडक होता. शंभर दाणे ओल्या फडक्यात, तीन दिवस. पंचाण्णव उगवले तर माल घ्यायचा, नाहीतर नाही. आणि नाही घेतला, तर त्या चाळीस जणींना भामा तोंड कसं दाखवणार होती?

सोसायटीच्या चेअरमन वच्छलाबाई, म्हणजे भामाची आत्या. त्यांनी नमुन्याची पुरचुंडी पुढे केली. उत्तरेश्वरनं ती उघडली, नाकाशी नेली, एकदा भामाकडे पाहिलं... आणि शंभर दाणे मोजून घेतले.

तीन दिवस वाट बघण्यावाचून काम नव्हतं. संध्याकाळी गोदामाच्या ओट्यावर बसून तो सांगायचा आणि ती ऐकायची. जर्मनीतलं ब्रुअरीजवळचं तळं हिवाळ्यात गोठायचं. जुन्या काळी त्यातला बर्फ करवतीनं कापून तळघरात रचायचे. त्या गारव्यात फिकट सोनेरी, जराशी कडू पिल्सनर लाकडी पिंपांत सहा-सहा आठवडे निजायची. म्हातारा मास्तर पिंपाला कान लावून बसायचा.

"काय ऐकू यायचं त्याला?"

"बुडबुडे. लई बारीक... म्हणायचा, घाई करू नको, ती झोपलीय."

टँकरच्या रांगेत हंडा ठेवून आलेली भामा डोळे मिटून घ्यायची. तिच्या तळव्यांना त्या तळघराची गार फरशी लागायची.

"अन् पाणी?"

"डोंगरातनं येतंय. मऊ, गोड... किती बी."

"किती बी?" तिनं विचारलं आणि तिचे डोळे उगाचच भरून आले. उत्तरेश्वरनं आपला पाण्याचा तांब्या हलकेच तिच्याकडे सरकवला.

तिसऱ्या दिवशी फडकं उघडलं. एकाही दाण्याला मोड नव्हता. भामानं फडकं उलटंपालटं करून पाहिलं.

"आसं कसं व्हईल?" वच्छलाबाई म्हणाल्या. "चांगला मंद आचंवर भाजून दिलाय म्या, किडा लागू न्हाई म्हून. पाव्हण्याला कच्चा कावून द्यायचा?"

बायका हसून हसून बेजार झाल्या. भामा मात्र उत्तरेश्वरकडे बघत होती. तो जराही दचकला नव्हता.

"तुमाला ठावं होतं?"

"वासावरनंच," तो मान खाली घालून म्हणाला. "सिरसाळ्याचं नाक हाय."

"मग बोलला कावून न्हाई? तीन रात्री जागून काढल्या म्या!"

"बोललो असतो तर... तीनच दिवस राहता आलं असतं."

भामानं पोत्यातले कच्चे शंभर दाणे स्वतः मोजले, त्याच्यापुढे आपटले आणि पुढचे तीन दिवस अबोला धरला. संध्याकाळी ओट्यावर मात्र यायची, पाठ करून बसायची. तोही त्या पाठीला तळघराच्या गोष्टी सांगत राहिला.

सत्त्याण्णव दाणे उगवले! माल पास झाला, वच्छलाबाईंनी गावभर गूळ वाटला आणि उत्तरेश्वर पेटी उचलून निघाला. परत कधी येणार, हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

एसटीच्या दारात भामानं एक पुरचुंडी त्याच्या हातात ठेवली. "शंभर दाणे हायत. भिजवा. जेवढे उगवतील, तेवढ्या दिसांनी परत या."

"म्हंजे सत्त्याण्णव दिवस?" त्याचा चेहरा उतरला. "लई झाले की..."

"घाई करू नका," ती म्हणाली.

बस निघाली. भामा चार पावलं तिच्यामागे चालली. त्यानं पुरचुंडी तशीच पेटीत टाकली तर? हा विचार तिनं केलाच नव्हता. बस लांबच्या बाभळीपाशी पोचली, धुरळ्यात दिसेनाशी झाली... आणि थांबली.

धुरळ्यातून तो पळत आला. एका हातात पेटी, दुसऱ्यात उघडी पुरचुंडी आणि तोंडात कुरुमकुरुम चालूच.

"भाजलेत," तो धापा टाकत म्हणाला.

"मग किती उगवतील?"

"एक बी न्हाई."

"तेच सांगायचं होतं," भामा म्हणाली. "मला तुमी इथंच हवे. तोंडानं बोलायला जमंना..."

तो नुसता हसला आणि पुरचुंडी तिच्यापुढे धरली. तिनं चिमूटभर दाणे तोंडात टाकले, मग त्याच्या हातातली पेटी काढून घेतली.

"सांभाळून हां," तो म्हणाला. "काचंचं सामान हाय."

"ठावं हाय," ती म्हणाली, आणि दोघं गावाकडे चालू लागले.