दुसरी नळी

पहिल्याच दिवशी तिने त्याला प्रयोगशाळेच्या दारातून परत पाठवलं. त्याने आणलेल्या थंड पेटीतल्या रक्ताच्या नळीवरची लाख तडकली होती.

"चिमूटभर लाखेसाठी पुन्हा इस्पितळात जाऊ?"

"जा. वाटेत कुणी काही मिसळलं असलं तर?"

"मॅडम, मला चहात साखर धड मिसळता येत नाही!"

हसू लपवायला तिने नोंदवहीत मान घातली.

रक्तातलं विष शोधणं हे तिचं काम. पेटीवाला आता रोज तिच्या टेबलाशी रेंगाळू लागला. ती त्याला समजावून सांगे – प्रत्येक रक्त दोनदा तपासायचं, दोन वेगळ्या नळ्यांतून. उत्तर जुळलं, तरच ते खरं.

एकदा त्याने विचारलंच, "लग्न कराल माझ्याशी?"

"हे... एकदाच झालं." तिचे कान तापले होते.

"मग थंडी सरली की दुसऱ्यांदा विचारतो. दादा तर न्हाणीघरात कुडकुडतो हो. गॅसचा गीझर आहे, पण झरोक्यातून वारं येतं. काल मीच फळी ठोकून तो बुजवला."

तिने ऐकलं. पण त्यातलं 'दुसऱ्यांदा' तेवढंच मनात राहिलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी तो पेटीशिवाय आला.

"दादा गेला... न्हाणीघरात. लोक म्हणतात, वहिनीने विष घातलं. पोलिसांनी तिला बसवून ठेवलंय. तिने नाही केलं हो!"

दादाचं रक्त आलं. अन्नातून देता येणारं एकही विष त्यात सापडलं नाही. मग तिने थेंबभर रक्तात पाणी आणि कॉस्टिक सोडा घातला. साधं रक्त हिरवट-तपकिरी होतं. हे गुलाबीच राहिलं. कार्बन मोनॉक्साइड... ना रंग, ना वास. कोंडलेल्या खोलीत गीझरमधून येतो.

तिला झरोका आठवला. तिने दुसरी नळी घेतली.

गुलाबी.

संध्याकाळी तो दारात उभा होता. "वहिनी?"

"सुटेल."

"मग दादा कशाने..."

"गीझरच्या वायूने. बाहेर जायला वाट नव्हती त्याला."

तो भिंतीला टेकला. "मी फळी ठोकली."

"तुम्ही मला सांगितलं होतंत. मला कळायला हवं होतं. माझंच काम ते."

"पुन्हा एकदा तपासा ना..."

"दोनदा तपासलंय."

त्याने मान हलवली. तिच्याकडे न बघताच गेला.

थंडी सरली. पेटी आता दुसराच कुणी आणतो. ती लाख बघते, सही करते आणि उठून खिडकी उघडते.