बर्फावर चुरा नव्हता

एल्डनचा फोन आला तेव्हा मी गॅरेजमध्ये भांडीकुंडी आवरत होते.

"मार्लिस, एडना तळ्यावर क्रॅपी लागायला लागले असतील बघ. येतेस, की म्हातारी झालीस?"

मला हसावं की रडावं कळेना. माझी वहिनी ओपल गेल्या वसंतात गेली. तेव्हापासून माझा हा थोरला भाऊ खुर्चीतून उठला नव्हता. टीव्ही चालू, आवाज बंद. मी डब्यातून काही नेलं की दोन घास खायचा आणि "छान झालंय" म्हणायचा, मीठ विसरलं असलं तरी. मला आतून भीती वाटायला लागली होती की हाही असाच बसल्या बसल्या निघून जाणार. आणि आज त्याला मासे आठवले होते.

"म्हातारा तू," मी म्हटलं. "बूट घालून तयार राहा."

माझ्याबद्दल एवढंच सांगते, की मी जन्मभर शाळेची बस चालवली. उत्तर मिनेसोटाच्या बर्फात, आणि एकही पोर खड्ड्यात घातलं नाही. माझा विश्वास ब्रेकवर आणि टायरवर. चर्चमध्ये जाते ती तिथल्या कॉफीसाठी. तेव्हा पुढचं जे सांगणार आहे ते जसं दिसलं तसं सांगते, त्यात माझ्या पदरचं काही नाही.

वाटेत आमिषाच्या दुकानात थांबलो. दुकानवाल्या डॉटीने जाळीने जिवंत मासोळ्या काढून आमच्या डब्यात सोडल्या.

"एडनावर?" ती म्हणाली. "वादळानंतर तिकडे कुणी फिरकलेलं नाही. रस्ता आज सकाळी मोकळा केलाय."

"म्हणजे सगळे मासे आमचेच," एल्डन म्हणाला. डॉटीने माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. तिलाही त्याचा आवाज कित्येक महिन्यांनी ऐकू येत होता.

तळ्याच्या काठाला गाडी लावली तेव्हा सूर्य पाइनच्या शेंड्यांना टेकला होता. गोठलेल्या तळ्यावरचा बर्फ दोन फुटांहून जाड, ट्रकसुद्धा पेलेल असा. पण वर ताजा हिम गुडघ्याच्या खालपर्यंत, म्हणून चालत निघालो. एल्डन पुढे, खांद्यावरून घसरगाडीची दोरी घेऊन. मी हातात बर्फाला भोक पाडायचं गिरमिट घेऊन मागे. हिमावर एका सशाचा माग होता, तोही काठाकाठाने. बाकी सगळं कोरं.

हिवाळ्यात क्रॅपी तळ्याच्या खोल भागावर अधांतरी थांबतात आणि अंधार पडल्यावर पहिला तास-दीड तास खातात. म्हणून सगळे दिवस मावळतानाच येतात. आम्ही मध्यावर पोचलो आणि एल्डन थांबला.

"हे बघ! कुणीतरी देवमाणूस आधीच येऊन गेलाय."

बर्फात भोकं होती. एका रांगेत, वीस-पंचवीस पावलांवर एकेक, पार पलीकडच्या काठाच्या दिशेने गेलेली. गोल, स्वच्छ, काळ्या पाण्याने भरलेली.

आमच्याकडे रीत आहे. एखाद्याने भोक पाडलं आणि तो उठून गेला, की ते ज्याला सापडेल त्याचं. त्यात चोरी नाही की लाज नाही. दोन फूट बर्फ गिरमिटाने फोडायचा म्हणजे सत्तरीतल्या माणसाचा खांदा निखळायची वेळ येते. आयतं भोक मिळालं तर सगळे खूश होतात आणि कुणाचं ते विचारत नाहीत.

मी मात्र विचारलं. "एल्डन, चुरा कुठाय?"

गिरमिट बर्फात उतरलं की वर चुरा फेकतं. उंदराच्या बिळाभोवती मातीचा ढीग असतो तसा भोकाभोवती बर्फाचा ढीग होतो. इथे हिम अगदी कडेपर्यंत गुळगुळीत होता.

"वाऱ्याने उडाला असेल."

"आणि पावलं? तीही उडाली? शिवाय पाणी उघडं आहे. या थंडीत घटकाभरात वर पापुद्रा धरतो."

"बसमधल्या पोरांच्या अशाच जबान्या घ्यायचीस का गं?" तो हसला. खरंखुरं, पोट हलवून हसला, आणि घसरगाडीवरचा तंबू उघडायला लागला. ते हसणं पाहिलं आणि मी तोंड मिटलं. चुऱ्यासाठी त्याचा दिवस कोण नासवणार?

तरी माझा हट्ट म्हणून मी तिथे बसले नाही. चाळीसेक पावलं बाजूला जाऊन माझं स्वतःचं भोक पाडलं, झाऱ्याने त्यातला चुरा उपसून पाणी काळंभोर केलं, गळाला मासोळी लावून सोडली आणि बादली उलटी करून उघड्यावरच बसले. वारा नव्हता. एल्डनच्या तंबूत कंदील लागला आणि तंबू आतून लाल दिसायला लागला.

अंधार पडला.

क्रॅपीचे डोळे वरच्या बाजूला असतात. तो खालून बघतो आणि वर येऊन खातो. म्हणून आमिष त्याच्या तोंडाशी नाही धरायचं, जरा वर धरायचं. तो वर आला की आपण आणखी जरासं वर घ्यायचं. पुन्हा तो येतो. थांबायचं, वर घ्यायचं, थांबायचं. असं करता करता त्याला परत फिरायचं सुचत नाही. मी सात वर्षांची असताना एल्डननेच मला हे शिकवलं होतं.

"लागला!" तंबूतून आरोळी आली. "ताटाएवढा आहे, मार्लिस!"

"थाप मारू नकोस!"

"दुसरा! अगं, तू काय तिकडे प्रार्थना करत्येस का?"

माझ्या दोऱ्याचं बूच पाण्यावर ढिम्म होतं. पण मला काय त्याचं! तो ओरडत होता, माझी टर उडवत होता, मला तेवढं पुरे होतं. थंडीने डोळ्यांत पाणी आलं असं मी स्वतःला सांगितलं.

मग बुटाच्या तळव्यांना काहीतरी जाणवलं.

बर्फ आवाज करतो. रात्री तो कण्हतो, दूरवर तडकतो, सुरुवातीला माणूस दचकतो आणि नंतर झोपही लागते. हा तो आवाज नव्हता. ही घरघर होती. गोल गोल फिरणारी. थोडा वेळ चालायची, थांबायची, पुन्हा चालू व्हायची. कुणी दुसरं आलं असेल म्हणून मी चहूकडे पाहिलं. तळ्यावर आमच्या कंदिलाशिवाय उजेड नव्हता.

मी खाली पाहिलं तर माझं भोक पांढरं झालं होतं.

पापुद्रा धरला असेल म्हणून झारा घातला. झाऱ्यात चुरा आला. ताजा, कुरळा, नुकताच किसलेला बर्फ. मी तो बाजूला टाकला. पाणी काळं झालं, आणि माझ्या डोळ्यांदेखत खालून आणखी चुरा तरंगत वर आला. मी पुन्हा उपसला. तो पुन्हा आला. मी भोक पाडून तासभर झाला होता आणि माझं गिरमिट माझ्या पायाशी पडलेलं होतं.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की तंबूतल्या आरोळ्या थांबल्या आहेत.

"एल्डन?"

"हं," एवढंच आलं. गोड, गुंगीतल्यासारखं.

मी उठले आणि माझ्याच पावलांवरून तंबूकडे निघाले. निम्म्या वाटेवर पाय पाण्यात गेला. बॅटरी लावली. तिथे भोक होतं. येताना नव्हतं. नव्हतंच, कारण माझ्या येतानाच्या पावलाचा ठसा त्या भोकाने अर्धा कापून नेला होता.

मी गुडघ्यावर बसले, हातमोजा काढला आणि कड चाचपली. वरून पाडलेल्या भोकाचं तोंड गुळगुळीत असतं, आणि पातं पार होतं त्या तळाच्या कडेला कपच्या उडालेल्या असतात. इथे कपच्या वर होत्या. तळाची कड काचेसारखी गुळगुळीत होती.

त्या भोकापासून एल्डनचा तंबू वीस पावलांवर होता.

मी तंबूची चेन ओढली. आत एल्डन कोट काढून, बाही वर सारून भोकापाशी गुडघे टेकून बसला होता. त्याचा गळ कोपऱ्यात उभा होता, दोरा सुकून ताठ झालेला. बादली काठोकाठ भरली होती.

"गळ कशाला हवा?" तो कुजबुजला. "आपणहून येतात गं. बघ."

कंदिलाच्या उजेडात एक क्रॅपी वर आला. चंदेरी, काळे ठिपके, खरोखरच ताटाएवढा. पाण्याखाली बोटभर अंतरावर तो थांबला. पळेना, फिरेना. एल्डनने मनगटापर्यंत हात घातला आणि त्याला फुलासारखा उचलून घेतला. दुसरा आला. तो जरा खोलवर थांबला. एल्डनचा हात कोपरापर्यंत गेला.

मी बादलीतला एक मासा उचलला. पाठीच्या पराखाली त्याला एक बारीक, आरपार छिद्र होतं. दुसरा उचलला. त्यालाही तिथेच. तिसऱ्यालाही.

जिवंत मासोळी गळाला लावताना आम्ही तिथेच टोचतो. तिथे टोचली की ती मरत नाही. वळवळत राहते आणि मोठ्याच्या नजरेत भरते.

"एल्डन, हात बाहेर काढ."

"थांब गं. हा सगळ्यात मोठा आहे."

"हात काढ म्हणते ना!"

त्याचा खांदा कडेला टेकला होता. गाल बर्फावर होता. पाण्यात तो मासा थोडा खाली गेला आणि थांबला. एल्डनचा हात खाली गेला. मासा आणखी जरासा खाली गेला. थांबला.

"आलाच," एल्डन म्हणाला. तो हसत होता. ओपलशी लग्न झालं त्या दिवशी तो असा हसत होता. त्याचा कान पाण्यात बुडाला तरी हसत होता.

मी त्याची कॉलर धरली आणि अंग मागे झोकून दिलं.

त्याला कुणी धरलं नव्हतं. ओढ त्याची स्वतःचीच होती. तो माझ्याशी झगडला. ज्याने जन्मात माझ्यावर हात उगारला नाही त्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं, रक्ताची चव आली. मी सोडलं नाही. दोघं तंबूच्या भिंतीवर कोसळलो आणि कंदील लवंडला.

विझण्याआधी मला भोकातला तो मासा दिसला. तो पळाला नाही. शेपटीकडून, सरळ खाली, ओढून घेतला गेला.

मी काही उचललं नाही. तंबू, घसरगाडी, मासे, सगळं तिथेच राहिलं. त्याचा कोट त्याच्यावर टाकला आणि त्याला ओढत निघाले.

पायाखाली घरघर सुरू झाली.

ती आमच्या सोबत आली.

आम्ही थांबलो की थांबायची.

"थांबू नकोस," मी म्हटलं. "एल्डन, तुला ओपलची शपथ, थांबू नकोस."

काठ जवळ आला, पाणी उथळ झालं, तेव्हा ती मागे राहिली.

ट्रकमध्ये हीटर लावला. गाडी काढताना मी दोनदा चुकीचा गिअर टाकला. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"खाली ऊब होती, मार्लिस."

"खाली पाणी होतं."

"हो," तो म्हणाला. मग रडायला लागला. "पण किती दिवसांनी बरं वाटलं गं."

मीही रडले. रस्ता दिसेना म्हणून गाडी सावकाश घेतली.

त्याला त्याच्या रिकाम्या घरी सोडायचा प्रश्नच नव्हता. माझ्याकडे आणलं, सूप पाजलं, बैठकीच्या खोलीतल्या कोचावर दोन पांघरुणं घालून निजवलं. पडल्या पडल्या घोरायला लागला. लहानपणी त्या घोरण्याला मी शिव्या घालायचे. आज वाटलं, घोर बाबा, रात्रभर घोर. भाऊ माझ्या घरात होता, जिवंत होता, दाराला कडी होती.

मग त्याचा उजवा हात पांघरुणाबाहेर आला म्हणून मी तो आत घ्यायला वाकले. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधल्या कातडीला एक बारीक छिद्र पडलं होतं. रक्त नाही, सूज नाही. दिव्यासमोर धरलं तर त्यातून उजेड पलीकडे येत होता. मी औषध लावलं, पट्टी बांधली, बर्फाची कपची लागली असेल असं मोठ्याने म्हटलं.

घोरणं चालूच होतं. हात मात्र खिडकीच्या दिशेने सरकला, तळं आहे त्या बाजूला. चार बोटं सरकला आणि थांबला. मग पुन्हा जरासा सरकला.

मी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि जमिनीवर बसले.

बराच वेळ काही झालं नाही. मग पलीकडून कुणीतरी एकदाच, अगदी हलक्या हाताने, ओढून पाहिलं.